देणं

साकीनाका, खैरानी रोड, गाळा नंबर अकरा.
पितळी तोट्यांना इथे क्रोमची चकाकी चढते.
वर पोटमाळ्यावर मी बसतो,
एकवीस वर्षं वह्या लिहितो.

दिवाळीत नव्या वहीवर 'श्री' काढला
की शेठ म्हणतात, पेडणेकर,
आधी धर्मादाय खातं उघडा, नफ्याचं मग बघू.
मनापासून म्हणतात.
आईच्या डायलिसिसच्या वेळी
न मागता पाकीट ठेवलं होतं माझ्या टेबलावर,
पुन्हा कधी त्याचा उच्चार नाही.

यंदा पाणपोई बांधली, बसस्टॉपपाशी.
संगमरवर, चार तोट्या, आपल्याच गाळ्यातल्या.
पाटीचा मजकूर माझा:
मातोश्री कै. जीवीबेन यांच्या स्मरणार्थ.
'स्मरणार्थ'मधला रफार कारागिरानं दोनदा चुकवला,
दोनदा मी दगड परत पाठवला.
शुद्धलेखनात मी कुणाचं ऐकत नाही.

उद्घाटनाला शेठ रडले. खरोखर रडले.
जीवीबेन म्हणे दोन मैलांवरून पाणी आणायच्या,
कच्छात, डोक्यावर दोन हंडे.
मग हौदावरच्या रामधनीला पुढे बोलावलं,
पहिला पेला त्याच्या हातात.
त्यानं तो नाकाशी नेला, थांबला,
मला हळूच विचारलं,
पाण्याला वास नाही ना, बाबू?
मला कळत नाही आता. अगरबत्तीचाही.

रामधनीच्या नाकातल्या पडद्याला भोक आहे.
क्रोमच्या वाफेनं पडतं.
जेवणाच्या सुट्टीत एकदा त्यानं
झाडूची काडी या नाकपुडीतून घालून
त्या नाकपुडीतून काढून दाखवली.
पोरं हसली. मीही हसलो,
डबा उघडा होता समोर.

वाफ ओढून नेणारा पंखा, पत्र्याचं धुराडं,
बसवून देण्यासकट चौऱ्याण्णव हजार.
पाणपोईला एक लाख साठ लागले.
कोटेशन शेठपुढे ठेवलं.
त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचलं.
धर्मादायमध्ये बसेल?
नाही बसत, शेठ.
मग याच्यावर बाचं नाव कुठे घालायचं?
थट्टा नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं.

घरी येऊन झोप लागेना.
मराठीत शब्द एकच आहे, देणं.
वरच्या हातानं टाकतो, तेही देणं.
मान खाली घालून फेडतो, तेही देणं.
पहिल्याला हार घालतात.
दुसऱ्याला तारीख असते,
उलटली की व्याज.
मी जन्मभर दोन्ही वेगवेगळ्या पानांवर लिहीत आलो
आणि रामधनीला कुठल्याच पानावर घेतलं नाही.

सकाळी 'देणी'चं पान काढलं.
वीजबिल.
ॲसिडवाला, मागील बाकी.
गाळाभाडं.
आणि खाली पेन्सिलीनं:
रामधनी, नाकातला पडदा, नग एक.
रकमेची जागा कोरी.

सहीला आले तेव्हा शेठचं बोट तिथे थांबलं.
बिल कुठाय याचं?
मी म्हटलं, खाली हौदावर उभं आहे.
चष्मा काढून ठेवला त्यांनी.
लोखंडी जिना उतरले, रुमाल न लावता,
कितीतरी वर्षांनी.
वर आले ते डोळे भरून.
पाणपोईच्या दिवशीचं पाणी मला ओळखता आलं होतं.
हे कशाचं, सांगता येत नाही,
ती वाफ डोळ्यांनाही चावते.

खोडलं नाही त्यांनी.
शाईनं गिरवा, असंही म्हणाले नाहीत.
पंखेवाल्याचा नंबर तेवढा मागितला,
आणि कोटेशनवरची तारीख पाहून म्हणाले,
पेडणेकर, हे तीन वर्षांपूर्वीचं आहे.

हो. माझ्याच खणात होतं.
पाकिटाच्या आठवणीखाली.
पेन्सिल हातात धरून बसलोय,
ही ओळ कुणाच्या नावे टाकू?